तीन प्रतींतला सूड

पुसद तालुक्यात समुद्र मी आणला. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी तरुण होते, अडुसष्ट वर्षांची, आणि तरुणपणी माणसाला जेवढी अक्कल असते तेवढीच मला होती. आमची एकल बायकांची छोटीशी संस्था आहे. एका तांड्यावरच्या वाईट पाण्याचा अहवाल आम्हाला द्यायचा होता. तो मी संगणकातल्या त्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतला. त्यात शांताबाई नावाची एक दुःखी बाई होती. ती डोक्यावर हंडा घेऊन नारळाच्या झाडांखालून चालली होती आणि समुद्राचा खारा वारा तिचे अश्रू वाळवत होता. आमच्याकडे मे महिन्यात नदी चपला न भिजवता ओलांडता येते. पण मी दुसऱ्या पानावर रडले, तिसऱ्यावर सही केली. समुद्र चौथ्या पानावर होता.

आमच्या संस्थेची तीस वर्षांची पद्धत अशी की सचिवबाईंनी लिहायचं आणि अध्यक्षबाईंनी, म्हणजे मी, डोळे मिटून सही करायची. सचिवबाई देवाघरी गेल्या. त्यांची जागा मी मशीनला दिली आणि डोळे मिटण्याची पद्धत तशीच चालू ठेवली. सचिवबाई तांड्यावर पायी जाऊन आलेल्या असायच्या, मशीन कुठेच गेलेलं नव्हतं, एवढा फरक त्या तरुण अध्यक्षबाईंच्या लक्षात आला नाही.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं एका सल्लागार साहेबांनी. मोठ्या शहरातली एक देणगीदार संस्था जिल्ह्यातल्या काही वस्त्यांना शुद्ध पाण्याची सोय करून देणार होती. त्यासाठी आमच्यासारख्या संस्थांना 'एआय'चं शिक्षण द्यायला हे साहेब यवतमाळच्या एका हॉलमध्ये आले. तीन तास इंग्रजीत बोलले. मी दोनदा हात वर केला. दुसऱ्यांदा ते हसून म्हणाले, "आजी, पुढच्या वेळी नातवाला पाठवा." सगळ्या शिबिरात मला कळलेलं वाक्य एकच, "एक ओळ टाका, अहवाल तयार." घरी येऊन मी ती एक ओळ टाकली.

पुढच्या बैठकीत साहेबांनी माझं चौथं पान माइकवर वाचून दाखवलं. "पुसदला बंदर कधी झालं हो, आजी?" हॉल हसला. मीही हसले, कारण रडले असते तर तेही त्यांनी माइकवर सांगितलं असतं. मग त्यांनी यादीतून आमच्या तांड्याचं नाव खोडलं. माझं हसं झालं त्याचं काही नाही, मी त्याच लायकीची होते. पण त्या तांड्यावर एकच हातपंप आहे आणि त्याच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लेकरांचे दात उगवतात तेच पिवळे डाग घेऊन. गोमलीबाईसारख्या बायकांचे गुडघे पन्नाशीच्या आत आखडतात. माझ्या एका सहीने त्यांचं पाणी गेलं होतं. घरात मला डूख धरणारी म्हणतात. त्या दिवशी मी तो धरला. अर्धा त्या साहेबांवर, अर्धा स्वतःवर.

पण डूख धरणं सोपं, चावता यायला पाहिजे. त्यासाठी मला खटखटबाईंकडे जावं लागलं.

खटखटबाई म्हणजे बसस्टँडजवळच्या जिन्यावरून ऐकू येणाऱ्या टायपिंग क्लासच्या बाई. त्यांचं खरं नाव किती जणांना माहीत होतं कोण जाणे. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. सडपातळ, पांढरी सुती साडी, कानामागे लाल पेन्सिल. त्या बोलतानाही टाइप केल्यासारखं बोलायच्या, वाक्य संपलं की क्षणभर थांबायच्या, जणू कागद पुढच्या ओळीवर सरकवताहेत. टाइपरायटर गेले तेव्हा त्यांनी संगणक आणला, संगणकात ही नवी बुद्धी आली तेव्हा पंचाहत्तरीत तिच्याशी भांडायला सुरुवात केली. दर शनिवारी दुपारी त्यांच्या क्लासात आसपासच्या छोट्या संस्थांची माणसं जमत. अपंगांची संघटना, गावातलं वाचनालय, पाणी समिती, बचत गटाच्या बायका. ज्यांना हॉलमधलं इंग्रजी कळलं नव्हतं ते सगळे.

मी मात्र त्यांच्याकडे जायला महिना लावला. कारण सांगते. एकोणिसाव्या वर्षी मी त्याच क्लासात बारा दिवस शिकले होते. आमचं घर कोर्टातल्या कारकुनांचं, तीन पिढ्यांची नोकरी आणि तीन पिढ्यांची घमेंड. बाई बौद्ध घरातल्या. आईने निघताना सांगितलं, "टायपिंग शीक, तिथलं पाणी पिऊ नकोस." आणि मी, कॉलेजात समतेवर निबंध लिहून बक्षीस घेतलेली कन्यारत्न, रोज फिरकीचा तांब्या घेऊन क्लासला जात होते. बाकावर माझ्या शेजारी तो चकचकीत तांब्या, कोपऱ्यात बाईंचा माठ. बाई एकदा फक्त म्हणाल्या, "की-बोर्डकडे बघू नको. तांब्याकडेही बघू नको. कागदाकडे बघ." तेराव्या दिवशी मी गेलेच नाही. घरी सांगितलं, बाई फार कडक आहेत.

तर पन्नास वर्षांनी मी तो जिना चढले. धापा टाकत दारात उभी राहिले. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. वाटलं, ओळखणार नाहीत.

"कुमुद," त्या म्हणाल्या, "पाणी आणलं का सोबत?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी माठातून ग्लास भरून बाकावर ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागल्या. मी तो एका दमात संपवला. लाज गिळायला पाणी लागतंच.

मग मी समुद्राची कहाणी सांगितली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हा नवा टायपिस्ट लई हुशार आहे. पण रिकामी जागा दिसली की आपल्या मनचं भरतो. तू त्याले एक ओळ दिली, त्यानं चार पानं दिली. तीन पानं कुठून आणली, इचारलं काहून नाही?" चिडल्या की त्यांची भाषा वऱ्हाडी व्हायची. त्यांनी मला पहिलं वाक्य शिकवलं ते मशीनला सांगायचं होतं, 'जे माहीत नसेल तिथे रिकामी ओळ सोड.' माझ्या मते हे वाक्य माणसांनाही लहानपणीच शिकवावं.

बाईंचे नियम टायपिंग क्लासातलेच होते. ज्या माणसाचं दुखणं, त्याने आधी तोंडाने सांगायचं, आपल्या बोलीत, घाई न करता. मग ते मशीनला द्यायचं, पण आजाराबरोबर नाव द्यायचं नाही, 'पहिली', 'दुसरी' असं लिहायचं. मशीनने लिहिलेलं त्या माणसाला वाचून दाखवायचं. ज्या वाक्याला कोणी धनी नाही त्याच्याखाली लाल रेघ. लाल रेघ असलेला कागद त्या जिन्यावरून खाली गेला नाही. शेवटी नाव घालायचं ते त्या माणसाला विचारून, आपल्या हाताने.

गोमलीबाई आली त्या शनिवारी हे सगळं मी पाहिलं. ती आधी बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलली, ते मशीनला धड उमगेना. मग तिने वऱ्हाडीत सांगितलं. मशीनने लिहिलं, 'महिलांना गुडघेदुखीचा त्रास संभवतो.' बाईंनी वाचून दाखवलं.

गोमलीबाईने माझ्याकडे पाहिलं. "संभवते म्हणजे काय व याडी?" तांड्यावरच्या बायका मला याडी म्हणतात, म्हणजे आई.

"म्हणजे होऊ शकते," मी म्हटलं.

"होऊ शकते कायले? झालंच हाय. भिंत धरल्याबिगर उठता येत नाही मले. तसं लिहा."

बाईंनी 'संभवतो'खाली लाल रेघ मारली आणि तसं लिहिलं. अशा सतरा शनिवारांनंतर आमचा नवा अहवाल तयार झाला. पाच पानं. एकही नारळ नाही.

"आता तीन प्रती काढ," बाई म्हणाल्या. हा त्यांचा जुना कायदा. एक कचेरीला, एक आपल्याला, आणि तिसरी ज्याच्यावर राग आहे त्याला. "सूड घ्यायचा तर नीट घ्यावा कुमुद. समास सोडून, दुहेरी अंतरात, तीन प्रतींत. आरडाओरडा काय, कुत्रीही करतात." मला आरडाओरडाच करायचा होता, पण मी तीन प्रती काढल्या.

देणगीदार संस्थेची पुढची बैठक त्याच हॉलमध्ये होती. मी, बाई आणि गोमलीबाई एसटीने गेलो. दारात प्रत्येकाला सल्लागार साहेबांची गुळगुळीत पुस्तिका मिळाली, जिल्ह्यातल्या यशकथांची. बाई समोर येईल ते वाचायच्या, शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. वाचता वाचता त्यांची लाल पेन्सिल थांबली. कोपराने मला ढोसलं.

"कुमुद, तुझी पोरगी इथं आहे."

पाहते तर शांताबाई! नारळ तोडले होते, समुद्र आटवला होता, पण बाई तीच, हंडा तोच, माझीच वाक्यं. फक्त आता ती नळाजवळ हसत उभी होती. खाली आमच्याच तांड्याचं नाव होतं, आणि लिहिलं होतं की साहेबांच्या मार्गदर्शनाने या तांड्याला शुद्ध पाणी मिळालं. माझ्या ज्या खोटेपणावर त्यांनी हॉल हसवला, तोच त्यांनी धुऊन, इस्त्री करून स्वतःच्या अंगावर चढवला होता. आणि तांड्याला पाणी मिळालंच असेल, तर पुन्हा कोण देणार?

मी उठायला लागले. बाईंनी माझा पदर घट्ट धरला. "थांब. आधी त्याच्याच तोंडून येऊ दे."

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मी हात वर केला आणि माझ्याकडच्या सगळ्यात गोड आवाजात विचारलं, "साहेब, तुमची ही शांताबाई फार भावली मला. तुम्ही स्वतः भेटलात हिला?"

"अर्थात, आजी!" साहेब खुलले. "तिच्या घरी बसलो, पाणी प्यायलो. गोड पाणी."

आजही त्या क्षणाची आठवण आली की मी एक गुळाचा खडा तोंडात टाकते.

गोमलीबाई समोरची खुर्ची धरून हळूहळू उठली. तिला उठायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ हॉल नुसता पाहत राहिला. मग ती म्हणाली, "साहेब, तो तांडा माहा हाय. तिथं शांताबाई नाही. नळ नाही. गोड पाणीबी नाही. तुम्ही कोणाच्या घरी प्याले?"

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. बाई शांतपणे पुढे गेल्या. पहिली प्रत देणगीदार संस्थेच्या मॅडमना दिली. दुसरी आमच्या पिशवीत होती. तिसरी साहेबांच्या पुढ्यात ठेवली, सोबत माझ्या जुन्या अहवालाचं चौथं पान, समुद्रासकट. "ही तुमची," बाई म्हणाल्या. "समास सोडला आहे. उत्तर तिथं लिहा."

साहेबांनी उत्तर लिहिलं नाही. पुढे ते जिल्ह्यात कुठे दिसलेही नाहीत. मला वाईट वाटलं नाही. अजून वाटत नाही. लोक म्हणतात, म्हातारपणी मन मऊ होतं. माझं व्हायचं आहे. मॅडम पुढच्याच आठवड्यात तांड्यावर आल्या, हातपंपाचं पाणी तपासायला बाटलीत घेऊन गेल्या. यादीत नाव परत आलं आणि पुढच्या उन्हाळ्याआधी लांबच्या विहिरीवरून तांड्यापर्यंत पाइप आला. गोमलीबाईचे गुडघे काही सरळ झाले नाहीत. पण पाइप आल्यावर जन्मलेल्या तिच्या नातीचे नवे दात मी तोंड उघडायला लावून पाहिले. पांढरे आहेत.

विजयाची नशा मला महिनाभर होती. जिल्ह्यातल्या सगळ्या संस्थांना पाठवायला मी साहेबांवर सहा पानी पत्र लिहिलं, मशीनकडून विशेषणं मागवून मागवून. बाईंनी लाल पेन्सिल घेतली. "यातलं तू डोळ्यांनी पाहिलं तेवढं ठेव." तीन ओळी उरल्या. पाठवल्या. त्या तीन ओळीच लोक अजून एकमेकांना वाचून दाखवतात.

गेल्या थंडीत बाई गेल्या. शनिवारी आता मी बसते त्यांच्या खुर्चीवर. कानामागे पेन्सिल राहत नाही, घसरते, तेवढा एक कमीपणा. नव्याने आलेल्या बायकांना सांगते, एक ओळ देऊन चार पानं घेऊ नका, मी घेतली होती, समुद्र आला होता. त्या हसतात. हसू देते.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगत नाही. त्या पत्राच्या दिवशीची. ऊन मरणाचं होतं, मी माठातलं पाणी ग्लासावर ग्लास पीत होते, आणि काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "बाई, माझा तो तांब्या तुम्ही पाहिला होता. सगळ्यांचा हिशोब तुम्ही तीन प्रतींत केला. माझ्यावर कधी सूड नाही घेतला?"

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. क्षणभर थांबल्या, ओळ बदलल्यासारख्या. मग म्हणाल्या,

"घेतला ना. बारा दिवसांत पळालेली पोरगी पन्नास वर्षांनी त्याच बाकावर आणून बसवली अन् माझ्याच माठातलं पाणी पाजलं. आता ऊठ, तिसरा ग्लास आहे हा तुझा. माठ रिकामा केला, भरून ठेव."