चार पोती वाळू

थळच्या बंदरावर होडीची इंजिनं दुरुस्त करणारा एक माणूस आहे. त्याच्याकडे जाताना मला अजूनही दवाखान्यात निघाल्यासारखं वाटतं. चालू इंजिनावर तो तळहात ठेवतो आणि डोळे मिटतो. मग म्हणतो, “बघू.”

माझ्या होडीच्या जुन्या इंजिनाला मला जास्त पिळाच्या पात्यांचा, पाणी जोरात मागे ढकलणारा पंखा हवा होता, म्हणजे होडी पळेल. त्याने वाद घातला नाही. रविवारी होडीत कोण कोण बसतं, एवढंच विचारलं. आई, बायको आणि दोन मुली, मी सांगितलं. मग चार पोत्यांत वाळू भरून ती पोती होडीतल्या बसायच्या फळ्यांवर ठेवली. “ही आई, ह्या वहिनी, ह्या दोन पोरी,” असं म्हणत त्याने मी सांगितलेलाच पंखा बसवला आणि मला घेऊन होडी बाहेर काढली.

जाताना सगळं ठीक होतं. परतताना ओहोटीचं पाणी समोरून आलं आणि नव्या पंख्याचा भार न पेलून इंजिन घुसमटून काळा धूर ओकू लागलं. वेगाची मूठ पूर्ण पिळली तरी होडी पुढे सरकेना. मागे खडक होते आणि पाणी आम्हाला तिकडेच ओढत होतं.

“काहीतरी करा,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्याने इंजिनावरचा तळहात काढला नाही. माझ्याकडे न बघता, रोजच्याच आवाजात विचारलं, “वजन कमी करायला लागंल, सर. आधी कुनाला टाकू?”