शेतकऱ्याचा फोटो

उंब्रजच्या फाट्यावर पुण्याची एसटी आली, तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "नोकरी कुठंबी कर. पर माझ्या माघारी रानावर तुझं नाव लागंल, ते काढू नगंस. नाव हाय तवर तू शेतकरी." आक्का, माझी थोरली बहीण, त्यांच्यामागं उभी होती. तिच्या नावाचा विषय कुणाच्याच डोक्यात नव्हता, तिच्याही नव्हता.

आबा गेल्यावर तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे बहिणी करतातच. भाऊ एक चांगली साडी घेतो, तलाठी नोंद घालतो आणि बहिणीचं माहेर शाबूत राहतं. मीही कऱ्हाडातून साडी घेतली. पुढं दाजी वारले, सासरी तिला कुणी विचारेना, आणि ती परत आली. तेव्हापासून आमचं रान तीच कसते. सोयाबीन, आलं, थोडा ऊस. मी पुण्यात एका कंपनीच्या एचआरमध्ये बसतो.

तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना पुढचं सांगायला नको. सातबारा माझा, म्हणून शेतकरी ओळखपत्र माझं, पीकविमा माझ्या नावाचा, अनुदान माझ्या खात्यात. आक्काला अन्नसुरक्षा कायद्याचं फुकट धान्य मिळतं. सरकारदरबारी मी अन्नदाता आहे आणि ती लाभार्थी. सोसायटीतले लोक तर माझा हेवा करतात. शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. मला मात्र वाईजवळ फार्महाऊसला जागा घेता येईल.

गेल्या पावसाळ्यात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजलं. पंचनाम्यासाठी शेतात उभ्या शेतकऱ्याचा फोटो हवा होता, म्हणून मला बोलावणं आलं. मी गाडी घेऊन गेलो. आक्का सकाळपासून गुडघाभर चिखलात शेंगा चाचपत होती, काही हाती लागतं का बघत. पंचनाम्याला आलेला माणूस मोबाइल वर धरून तिला म्हणाला, "आवं मावशी, जरा बाजूला सरा. शेतकऱ्याचा फोटो घ्यायचाय."

ती सरली. बांधावर जाऊन मला म्हणाली, "बुटं काढ रं. फोटूत दिसतील."

मी बूट काढले. कुजलेली दोन झाडं हातात धरून उभा राहिलो. चेहरा कसा ठेवायचा ते कळेना. नुकसान झालेल्या माणसाचा चेहरा बांधावर होता.

दुपारी तिनं आमटी-भात वाढला. "रेशनचा हाय. शेतकऱ्याला चालंल का?" मी हसलो. ती हसली नाही. ताटाकडं बघत म्हणाली, "माझंबी नाव लाव की रं तुझ्या नावाखाली. तुझं काढू नगंस. फकस्त पुढल्या टायमाला मला कुणी बाजूला सरा म्हणायला नगं."

तिचं नाव लावलं म्हणून माझं निघत नाही, हे मला वकिलानं आधीच सांगितलं होतं. पण हायवेकडून येणारे प्लॉट आमच्या बांधाला येऊन टेकले होते, रानाचा भाव चढला होता, हेही मला माहीत होतं. मी म्हणालो, "बघू." तिनं माझं ताट उचललं आणि धुवायला नेलं. आम्ही लहान असताना ती उचलायची तसंच.

भरपाई आली ती सगळी मी तिला पाठवली. पाठवताना मला आपण उदार असल्यासारखं वाटलं. आज सगळ्यात जास्त बोचतं ते तेच, आणि तरीही तिचं नाव मी लावलेलं नाही.

यंदा पुन्हा पाऊस थांबला नाही. पुन्हा बोलावणं आलंय, मी रजा टाकलीय. पूर्वी गाव म्हटलं की माणसं आठवायची. आता घर म्हणजे माझ्या नावाचा एक तुकडा, ज्यात मी फोटोपुरता उभा राहतो आणि आक्का बाजूला होते.

काल तिचा फोन आला. म्हणाली, "आबांची जुनी चप्पल काढून ठिवलीया. तीच घाल. शेतकरी दिसशील."