फौजदारबाईंचा सगळ्यात गाजलेला पेपर

संस्थेत त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे फौजदार. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. पेशी वाढवताना कुणी दोन बाटल्या एकदम उघडल्या, की त्याची खैर नसे. "एका वेळी एकच बाटली! एक थेंब इकडचा तिकडे गेला, तर दांडगट पेशी गरिबांना रेटून बाहेर काढतात. मग बस वर्षभर भलत्याचीच सेवा करत!"

मूत्रपिंडाच्या संशोधनात बाईंची हयात गेली. पेपर पुष्कळ लिहिले, पण खरा गाजला तो एकच. एक औषध मूत्रपिंडाच्या मरणाला टेकलेल्या पेशी वाचवतं, असं त्यात दाखवलं होतं. दुसऱ्या संशोधकाने लिहिताना तुमच्या पेपरचा आधार घेतला, की तुमच्या नावावर एक सायटेशन जमा होतं. बाईंच्या या पेपरला ती हजारावर होती. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावता लावता तो बायकोचा ताजा आकडाही ऐकवून टाकायचा. आता विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि ती बाईंनाच मिळणार, यात कुणालाच शंका नव्हती.

त्याच सुमारास पेशींची ओळख पटवणारं नवं यंत्र आलं. बाईंनी फर्मान काढलं, गोठवलेली प्रत्येक कुपी तपासायची.

"तुमच्याही, बाई?" यंत्रावरच्या तंत्रज्ञाने विचारलं.

"का? मी काय आभाळातून पडले?"

निकाल आला आणि बाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. गाजलेल्या पेपरमधल्या पेशी मूत्रपिंडाच्या नव्हत्याच! कर्करोगाच्या होत्या, कशातही जगणाऱ्या. ती कुपी त्यांच्या गुरूंच्या प्रयोगशाळेतून आलेली. सगळ्यांच्या बाटल्यांवर डोळे वटारणाऱ्या बाईंनी सरांकडची म्हणून ती कधी तपासलीच नव्हती. घरचं दूध आहे, उकळायचं कशाला, तसलाच प्रकार!

त्यांना आठवला तो उलटेराव. हा त्यांचा जुना सहकारी. त्याने तोच प्रयोग दुसरीकडून आणलेल्या पेशींवर केला, तर औषधाचा काडीचा उपयोग दिसेना. म्हणून हे नाव. भर बैठकीत बाई त्याला म्हणाल्या होत्या, "आधी हात स्वच्छ धुऊन ये, मग बोल." सगळे खो खो हसले होते. बिचाऱ्याने छोटासा पेपर छापला, त्याला कुणी विचारलं नाही. मग संशोधन सोडून तो कॉलेजात शिकवायला गेला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! बाईंना लाज वाटली, कान तापवणारी लाज.

पेपर मागे घेते, असं बाईंनी सांगताच संचालकांनी दार लावून घेतलं. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी मुलाखत होऊ द्या, मग घ्या पेपर मागे. चार दिवसांत काय बिघडतंय?"

"निवड त्याच पेपरवर होणार ना?"

"अहो, हे हात दाखवून अवलक्षण आहे!"

"असू दे. हात माझाच आहे."

पेपर मागे घेतल्याचं निवेदन त्यांनी त्याच संध्याकाळी पाठवलं. नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो काच पुसता पुसता थांबला. "म्हणजे आता दुकानात काय सांगू?"

"सांगा, बायकोचा नंबर बदलला. नवा चष्मा लागलाय."

तो हसला, पण त्याला वाईट वाटलं होतं आणि ते त्याने लपवलं नाही.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "गाजलेला पेपर गेला. आता तुमच्याकडे राहिलं काय?"

"बाकीचे सगळे पेपर," बाई ताठ बसून म्हणाल्या. "त्यांच्या पेशी तपासून झाल्यात. तुमच्या झाल्यात का?"

जागा दुसऱ्याला मिळाली. बाईंना राग आला, दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडाच्या खात्रीच्या पेशी मागवून मोकळ्या झाल्या.

पुढे निवेदन छापून आलं. शेवटी एक वाक्य होतं, की औषधाचा उपयोग होत नाही हे आधीच आणि बरोबर दाखवून दिलं गेलं होतं, आणि त्यापुढे उलटेरावांच्या छोट्या पेपरचा संदर्भ. त्या पेपरला मिळालेलं ते पहिलं सायटेशन.

त्याच दुपारी फोन वाजला.

"बाई," पलीकडून उलटेराव म्हणाला, "मी हात धुऊनच केलं होतं."

"माहीत आहे रे. मीच धुतले नव्हते. आणि वर तुला हसले, ते चुकलंच माझं." मग बाईंचा आवाज नेहमीसारखा चढला. "आता ऐक. नव्या पेशी आल्यात. सोमवारी सुट्टी काढ आणि ये. बाटली तू उघडायचीस. मी शेजारी उभी राहीन, हात धुऊन."