होयबा

होयबा म्हणजे मालकाच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावणारा. आमच्या लालबागच्या होयबाला हे नाव ज्याने दिलं, त्याने थट्टाच केली असावी. त्याच्या तोंडून एक 'होय' मिळवायला मला सात रविवार लागले, आणि तोवर माझा संसार टांगणीला लागला होता.

परळच्या एका इस्पितळात तो वॉर्डबॉय होता. तिथले डॉक्टर दारुड्यांना गोल बसवून आपापली हकिगत बोलायला लावत. साहेबासमोर गिरणी कामगार काय बोलणार? 'बरं आहे' म्हणून सगळे उठत. मग या मालवणी माणसाने चाळीच्या गच्चीवर रविवारी सकाळी स्वतःचा गोल भरवला आणि त्याचं गाऱ्हाणं केलं. गावी देवासमोर मांडतात तसं प्रत्येकाने आठवड्याचं खरं ते मांडायचं आणि बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. खोटं वाटलं तर गप्प बसायचं. त्या गप्प बसण्याला लोक इंजेक्शनपेक्षा जास्त भ्यायचे.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. एकाने झोकात सांगितलं, आठवडाभर मोर्चात होतो म्हाराजा. गच्ची गप्प. होयबा डोळे मिटूनच म्हणाला, "मोर्चो खयसून गेलो ता माका म्हायत आसा. थय भट्टी नाय होती." दारूबंदीतल्या भट्ट्या त्याला पोलिसांपेक्षा जास्त ठाऊक होत्या.

माझी गोष्ट वेगळी आहे, असं मला वाटे. आमच्या गिरणीतल्या मुकादमाने मला भट्टीची चटक लावली, एके दिवशी पाळीच्या आधी मुद्दाम पाजली आणि स्वतःच जाऊन साहेबाला दाखवलं. माझ्या जागी त्याचा भाचा लागला. बायको मुलीला घेऊन प्रभादेवीला माहेरी गेली. दारू सुटल्याशिवाय येणार नाही, म्हणाली. म्हणून गाऱ्हाण्यात मी एकच मागायचो, मुकादमाचं वाटोळं कर रे म्हाराजा. पहिल्यांदा होयबा सोडून सगळे दणकून 'होय' म्हणाले. सहाव्या रविवारी सगळेच गप्प बसले.

"मुकादमान बाटली हाडल्यान," होयबा म्हणाला. "तोंड कोणी उघडल्यान?"

मी संतापून उठलो तो थेट भट्टीवर गेलो. तिथे मुकादमच बसला होता. मला बघून तो हसला आणि बाकावर सरकून त्याने मला जागा करून दिली. त्या सरकण्याने माझं डोकं फिरलं. एक थेंबही न घेता मी गच्चीवर परतलो.

होयबाने उपदेश केला नाही. "सूड घेवचो आसा मां? घे. पण शुद्धीत रवान घे."

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या सांगण्यावरून मी इस्त्रीचा सदरा घालून रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभा राहू लागलो. मुकादम दिसला की राम राम घालायचा, बस. आधी तो हसला, मग नजर चुकवू लागला, शनिवारपर्यंत मागच्या फाटकाने जाऊ लागला. असा आनंद मला दारूने कधी दिला नव्हता. सातव्या रविवारी मी म्हणालो, माझ्याच हाताने प्यायलो म्हाराजा. होयबा 'होय' म्हणाला. सहा महिन्यांनी बायको परत आली.

पुढे मुकादमाचीही नोकरी दारूत गेली आणि तो गच्चीवर आला. लटपटत उभा राहून त्याने माझं नाव घेतलं, मला कसं बुडवलं ते सगळं सांगितलं. सगळे 'होय' म्हणाले, होयबाही. मी तेवढा 'होय' म्हणालो नाही. होयबाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. महिन्याभरात होयबा गावी गेला आणि तिथेच वारला.

त्यानंतर चार वर्षं दर रविवारी मुकादम तेच गाऱ्हाणं घालायचा आणि मी तोंड मिटून बसायचो. मला ते गोड लागायचं, खोटं कशाला बोलू? मग एकदा जिना उतरताना तो म्हणाला, "होयबा म्हातारा तुज्याकडं बोट दावून मला बोलला हुता, त्याचा होय मिळंस्तवर थेंब घेऊ नगंस. म्हनून ऱ्हायलोय बघ."

माझा सूड त्या म्हाताऱ्याने माझ्याच वैऱ्याला औषध म्हणून दिला होता. मला दोघांचाही भयंकर राग आला.

मी अजून 'होय' म्हटलेलं नाही. पण एखाद्या रविवारी मुकादमाला यायला उशीर झाला, की मी त्याला शोधायला खाली उतरतो.