शिकागोच्या वरच्या मजल्यावरचं पाणी

दाढीच्या साबणाचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि नव्या कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी मला मुलाखतीला बोलावलं होतं. दुष्काळाचे दिवस. अहमदपूरच्या स्टँडसमोर एका सलूनमध्ये मी घाईनं दाढीला बसलो. आरशावर शिकागोच्या उंच इमारतींचं कॅलेंडर होतं. माझा एक गाल झाला, आणि बाकड्यावर बसलेल्या किराणावाल्या अप्पांनी विचारलं, "काय हो, एवढ्या वर पानी चढतंय कसं?" न्हावीमामांचा वस्तरा हवेतच थांबला. "मोटार असंल की." "आन् लाईट गेल्यावर?" "तिकडं लाईट जात न्हाई, अप्पा." "बरं, मग मोटारीला पानी कुठून आणून राहिले ते?" माझ्या गालावर साबण वाळून कातडी ओढायला लागली. "मामा, माझी एस्टी लागलीय!" मी ओरडलो. "हाव, हाव," म्हणत मामा कॅलेंडरातले मजलेच मोजत राहिले. तेवढ्यात बाहेर टँकरचा भोंगा वाजला. वस्तरा टाकून मामा घागर घेऊन पळाले, मागोमाग अप्पा. वाटीत थेंबभर पाणी नव्हतं. रुमालानं साबण खरवडत मी अर्ध्या दाढीनिशी एस्टीत चढलो. लातुरात साहेबांनी कारण विचारलं, मी खरंखरं शिकागो सांगितलं. नोकरी अर्थातच मिळाली नाही. आता त्याच लातुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये, सहाव्या मजल्यावर राहतो. आज सकाळी तोंडाला साबण फासून नळ सोडला, तर नुसती हवा आली. गॅलरीत जाऊन खाली वॉचमनवर ओरडलो, "अरे, एवढ्या वर पाणी चढतं तरी कसं?"