एक्केचाळिसावी ओळ

आमच्या कारागीर संघाच्या कचेरीत एक तज्ज्ञ आहेत. ही पदवी त्यांना कोणी दिली म्हणाल, तर त्यांनी ती स्वतःच घेतली आणि आम्ही बाकीच्यांनी कटकट नको म्हणून चालवून घेतली. मी त्या कचेरीत एकोणीस वर्षं टेलिफोन घेते. माझं टेबल दाराशी, त्यांचं आत काचेच्या आड. मी त्यांना अहोजाहो करते ते जिभेला वळण पडलंय म्हणून. आदराचा त्यात काडीचाही संबंध नाही.

मुळात हा माणूस टायपिस्ट. संघाची वेबसाइट काढायचं ठरलं तेव्हा कोणाला तरी तीन आठवड्यांच्या वर्गाला पाठवायचं होतं, आणि टाइपरायटर भंगारात गेल्यामुळे रिकामे बसलेले तेवढे हेच होते. तीन आठवड्यांनी परत आले ते चाल बदलून. चष्मा कपाळावर चढवून बोलू लागले. वर्गातल्या पुस्तकातून त्यांनी एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचना, उतरवून आणली होती. ही स्क्रिप्ट कुठल्याशा दूरच्या सर्व्हरवर बसते. कोणी आमच्या वेबसाइटचं पान उघडलं की ती यादीतला एक कारागीर उचलते, त्याचा फोटो पानाच्या माथ्यावर लावते आणि खाली त्याच्या माहितीची लिंक देते. पुन्हा उघडलं की दुसरा. एकदा सुतार, मग नळवाला, मग घड्याळं दुरुस्त करणारा. म्हणजे सगळ्यांना सारखी संधी, असा त्यातला हिशेब. सगळी मिळून सव्वीस ओळींची स्क्रिप्ट.

या सव्वीस ओळींवर गृहस्थांनी सोळा वर्षं काढली. नवीन काही शिकले नाहीत आणि कोणी शिकवू लागलं तर ऐकलं नाही. त्या ओळी त्यांनी कागदावर छापून घेतल्या, फ्रेम करून खुर्चीमागे भिंतीवर टांगल्या. कोणीही भेटायला आलं की त्याला आधी फ्रेमपुढे उभं करायचे. "ही माझी स्क्रिप्ट," म्हणायचे, "हिला कोणाचा वशिला चालत नाही." एकदा तर नुसता पिण्याच्या पाण्याचा कॅन ठेवायला आलेला माणूस दहा मिनिटं तिथे अडकला होता.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे टापटीप. टेबलावरच्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. कीबोर्ड झाडायला वेगळा ब्रश, आणि त्या ब्रशला झाकण. त्यांची बायको एकदा फोनवर मला म्हणाली होती, "आमच्याकडे चपलासुद्धा पट्टी लावल्यासारख्या ठेवाव्या लागतात हो. पाहुणे आले की मला धडकीच भरते." पण सगळ्यात जास्त चीड त्यांना रिकाम्या ओळीची. मजकूर संपला की खाली एक जरी मोकळी ओळ दिसली तरी कागद परत. कारागिरांची यादी तेच टाइप करायचे, एका ओळीत एक माणूस. शेवटच्या माणसाच्या शेवटच्या अक्षराला कर्सर चिकटवायचे आणि तिथेच हात उचलायचे. खाली काही सांडायला नको.

आता त्यांच्या बहिणीबद्दल. त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा याला तिनेच वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही. सगळे तिला ताईच म्हणतात, मीही म्हणते. ती रफू करायची. फाटलेल्या कापडातलेच धागे काढून ती भोक असं भरायची की नंतर तिला स्वतःलाही जागा सापडत नसे. तज्ज्ञांचा टायपिंगचा वर्ग त्याच सुईवर झाला. हे ते लपवत नाहीत, पण सांगतात असं, की जणू तिने योग्य ठिकाणी गुंतवणूक केली.

ताईला सगळं काम एका लाँड्रीतून यायचं. ती लाँड्री बंद पडली. ताईची जागा म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची खोली, रस्त्याकडे एक खिडकी, खिडकीशी एक उंच मानेचा दिवा. घरमालकाने सांगून टाकलं की पुढच्या वर्षअखेरपर्यंत गिऱ्हाईक जमलं तर राहा, नाहीतर खोली सोडा. गिऱ्हाईक यायचं कुठून? ताईने भावाला विचारलं, तुमच्या त्या पानावर माझं नाव लागेल का. तज्ज्ञांनी ते यादीत शेवटी घातलं, एक्केचाळिसावं. वर कार्यकारिणीच्या बैठकीत उभे राहून जाहीर केलं की सख्खी बहीण असली तरी तिला इतरांइतकीच संधी मिळेल. टाळ्या वाजल्या. त्याच बैठकीत असंही ठरलं की जुन्या सभासदांची तपासणी पुरी होईपर्यंत नवीन कोणाला घ्यायचं नाही. त्यामुळे चौदा महिने यादी होती तिथेच थांबली.

सहाएक महिन्यांनी ताई कचेरीत आली. काचेच्या आत गेली, पण बसली नाही.

"बाळ, माझा फोटो कधी येतो रे?"

"असं वेळापत्रक नसतं ताई. नंबर लागावा लागतो."

"शेजारच्या सूनबाईंच्या फोनवर रोज बघते मी. दहा दहा वेळा. तो लोहार तर आता मला घरचाच वाटायला लागलाय."

तज्ज्ञ हसले. "कॉम्प्युटरला नातं कळत नाही, ताई. मी हात घातला तर लोक म्हणतील, बहिणीला पुढे केलं."

"पुढे नको रे करू," ताई म्हणाली. "मधेच कुठेतरी असू दे."

त्यांनी तिला फ्रेमपुढे उभं करून पुन्हा सगळं समजावलं. तिने मान डोलावली. जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाली, "त्याचंही बरोबर आहे. त्याला सगळ्यांकडे बघावं लागतं." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग मी एक वही काढली. एक्केचाळीस नावं एकाखाली एक लिहिली, आणि दोन आठवडे फोन घेता घेता रोज वीस वेळा पान उघडलं. जो दिसेल त्याच्यापुढे टिक. लोहाराला अकरा मिळाल्या, सुताराला नऊ, अगदी कमनशिबी छत्रीवाल्यालाही तीन. ताईपुढची जागा कोरी. वही घेऊन मी काचेच्या आत गेले.

"बाई," ते चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, "याला रँडम म्हणतात. कशालाही काही क्रम नसतो त्यात. हे कळायला वर्ग करावा लागतो."

"दोनशे ऐंशी वेळा उघडलं साहेब. एकदाही नाही?"

"उद्या लागोपाठ तीनदा येईल. वहीत टिका मारून सर्व्हर तपासायला निघालात होय?" मग त्यांनी वही उलटीसुलटी करून पाहिली. "आणि रेघा तरी सरळ मारायच्या."

मी गप्प बसले, हे मी इथे कबूल करते. मला वाटलं, याने वर्ग केलाय, आपण केलेला नाही. सोळा वर्षं ज्याला मनातून हसले त्याच्याच शहाणपणावर मी विश्वास ठेवला. याचा राग मला अजून येतो आणि तो त्यांच्यावरच्या रागाहून फार लहान नाही.

वर्ष संपलं. ताईने खोली सोडली. सामान न्यायला मी गेले होते. तज्ज्ञांना त्या दिवशी जुन्या फायलींची नावं एका पद्धतीत बसवायची होती. दिवा मी हातात धरला, ताईने सुयांचा डबा आणि धाग्यांची गुंडाळी पोटाशी धरली. तिला एका हॉटेलच्या तळघरात काम मिळालं होतं, धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायचं. उभ्याने. तिथे चादर फाटली तर टाकून देतात, रफू करत नाहीत.

त्यानंतर तीन आठवड्यांनी कार्यकारिणीने एक नवीन सभासद घेतला, कुलपांच्या चाव्या करून देणारा. तज्ज्ञांनी सकाळी त्याचं नाव बेचाळिसाव्या ओळीवर टाइप केलं. दुपारी मला फोन आला.

"तुमच्या वेबसाइटवर रफूवाल्या बाई दिसल्या. त्यांचा नंबर कोणी उचलत नाही."

नंबर जिन्याखालच्या खोलीचा होता, आणि ताईकडे दुसरा फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी दोन फोन आले. आठवड्यात नऊ. एकीच्या आईच्या कोटाला कसर लागली होती, आणि आईची तेवढी एकच वस्तू तिच्याकडे उरली होती. दुसरं कोणी नाही का, असं ती तीनतीनदा विचारत राहिली. काचेच्या आडून तज्ज्ञ म्हणाले, "बघा. लागला की नाही नंबर? मी म्हणत होतो."

दहा दिवसांनी चावीवाला आला. म्हणाला, बाई, मी काही दिसत नाही हो पानावर. तो बोलला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ताई शेवटची होती तोवर ताई दिसली नाही. आता शेवटचा हा आहे, तर हा दिसत नाही. म्हणजे आजवर जो जो शेवटी होता तो तो दिसला नसणार, फक्त पूर्वी महिन्या-दोन महिन्यांत पुढचा माणूस यायचा आणि कोणाच्या लक्षात यायचं नाही.

तज्ज्ञ जेवायला गेले होते. सभासदांचे फोन नंबर बदलायला यादी मला उघडता येते. मी कर्सर चावीवाल्याच्या शेवटच्या अक्षरापाशी नेला आणि एंटर दाबलं. खाली एक रिकामी ओळ आली. पान उघडत गेले, आणि सहाव्या वेळी चावीवाला दात काढून समोर हजर. एंटर काढून टाकलं. शंभर वेळा उघडलं, नाही. पुन्हा घातलं, चौथ्याला आला. बस, एवढंच होतं. ओळीच्या शेवटी एंटर असेल तरच ती स्क्रिप्ट ओळ पुरी झाली असं धरत होती, नाहीतर ती ओळ सोडून देत होती, आणि आमच्या तज्ज्ञांना रिकामी ओळ खपत नव्हती. वर्ग न केलेल्या बाईला हे कळायला जेवणाची सुट्टी पुरली.

ते परत आल्यावर मी त्यांना करून दाखवलं. त्यांना कळलं. वळून फ्रेमकडे त्यांनी पाहिलं, एकोणिसाव्या ओळीवर बोट ठेवलं, आणि क्षणभर मला वाटलं की आता हा माणूस मटकन खाली बसेल. मी खुर्चीसुद्धा पुढे सरकवली.

"पण खाली रिकामी ओळ राहते ना," ते म्हणाले. "यादी अर्धवट वाटते."

"आणि ताई?"

"ताईचं वय झालंच होतं. रफूच्या कामात डोळे जातात." असं म्हणत त्यांनी कर्सर नेला आणि माझं एंटर पुसून टाकलं. मग ब्रशने कीबोर्ड झाडला.

तेव्हापासून सकाळी आल्या आल्या मी एंटर घालते. ते दिसेल तेव्हा काढतात. चावीवाल्याचं पोट सध्या आमच्या दोघांत कोण आधी उठतं यावर चाललंय.

पाच दिवसांनी मी ताईकडे हॉटेलच्या तळघरात गेले. ओल्या वाफेत ती चादरीचं एक टोक हनुवटीखाली धरून उभी होती. मी नऊ फोनांचं सांगितलं, कोटाचं सांगितलं, आणि मग एका एंटरचं सांगितलं. तिने चादरीची घडी पुरी केली, कडा जुळवल्या, गठ्ठ्यावर ठेवली. कोटाला कसर कुठे लागली होती, कॉलरला की बाहीला, एवढं विचारलं. बाहीला म्हटल्यावर म्हणाली, "मग झालं असतं."

मी निघाले तशी ती माझ्यामागे पायऱ्यांपर्यंत आली.

"त्याला नका सांगू हं," ताई म्हणाली. "मनाला लावून घेईल. लहानपणापासून तसाच आहे तो, चूक झाली की दोन दोन दिवस जेवत नाही."

मी बरं म्हटलं. त्यांना सांगून पाच दिवस झाले होते, आणि पाचही दिवस ते एकच्या ठोक्याला जेवायला गेले होते.