बापूंच्या चिंगीचा खांब

बापूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या इमारतीच्या लिफ्टसमोर दोन्ही हात मागे बांधून उभे होते. अंगात सदरा-लेंगा, डोक्यावर टोपी. मी लिफ्टमध्ये शिरलो आणि 'या ना आत' म्हणालो, पण ते हलले नाहीत. मान वाकडी करून ते दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पावणं, मिटायच्या आदी ह्ये दार जरा थांबतंय बघा. कुणाची वाट बघतंय?" मला बँकेत पोचायची घाई होती. सेन्सर असतो वगैरे काहीतरी सांगून मी सुटका करून घेतली. संध्याकाळी परतलो तर बापूंनी वॉचमनला आणि लिफ्टच्या मेकॅनिकला गाठून सगळी माहिती काढून ठेवली होती, आणि तो सेन्सर कसा चालतो हे त्यांनी मलाच समजावून सांगितलं.

कळंब्याच्या बाजूला आमची ही इमारत जिथे उभी आहे ती जागा मुळात बापूंची. तिथे त्यांचा म्हशींचा गोठा होता. आजूबाजूला बंगले झाले, वासाच्या तक्रारी सुरू झाल्या, त्यात बापूंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. शेवटी मुलाचं ऐकून त्यांनी जागा बिल्डरला दिली आणि बदल्यात दुसऱ्या मजल्यावर, आमच्या दारासमोरच, फ्लॅट घेतला. म्हणूनच इमारतीतले आम्ही सगळे त्यांच्या लेखी पाव्हणे. पुढे आमचा इतका घरोबा झाला, तरी मी शेवटपर्यंत 'पावणं'च राहिलो. एकदा पार्किंगमध्ये मला थांबवून म्हणाले, "तुमी गाडी लावताय न्हवं, तितं माझी मोरी बांधलेली असायची. लई मारकी म्हस. जरा जपून लावत जावा." चेहऱ्यावर हसू नावालाही नव्हतं. मी अजूनही तिथे गाडी लावताना एकदा मागे बघतो.

म्हशी विकल्या तेव्हा गोठ्यातलं एकच जनावर बापूंबरोबर वर आलं. ती चिंगी, त्यांची मांजरी. काळ्या, पांढऱ्या आणि तांबड्या ठिगळांची, धारेच्या वेळी चरवीजवळ बसून फेसाची वाट बघत वाढलेली. बापूंच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि जनावर नसलेल्या घरात ते जन्मात कधी राहिले नव्हते. सकाळी उठून वैरण टाकायची नाही, शेण काढायचं नाही, मग हात करणार काय? ते हात चिंगीच्या पाठीवरून फिरायचे. तेवढंच काय ते गोठ्यातलं काम शिल्लक राहिलं होतं.

घरात मुलगा सुभाष आणि सून वैशाली. सुभाष फौंड्रीत कामाला, बोलायला कमी. वैशाली घरीच ब्लाउज शिवायची, आणि हात असा की तिच्याकडे शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या बायका यायच्या. शिवणाच्या कमाईतून तिनं हॉलमध्ये एक सोफा घेतला होता, मोरपंखी रंगाचा. गिऱ्हाईक त्यावर बसायचं, फॅशनची पुस्तकं चाळायचं. तो सोफा तिचं दुकान होता म्हणा ना. आणि चिंगीनं नेमका त्याचाच एक कोपरा पसंत केला. आधी धागे निघाले, मग कापड, मग आतला स्पंज बाहेर डोकवायला लागला. वैशालीनं वर चादर टाकली, चिंगीनं चादरीवरून काम चालू ठेवलं. शेवटी एका बाईच्या रेशमी साडीचा पदर सोफ्यावरून खाली लोंबत होता, त्यातही चिंगीची नखं अडकली. त्या दिवशी वैशालीनं शांतपणे सांगितलं की दसऱ्याला शालनवन्सं येतील, त्यांच्याबरोबर मांजर आजऱ्याला जाईल. शालन म्हणजे बापूंची लेक. तिचा काजूचा व्यवसाय, मोठं अंगण, उंदीर भरपूर. मांजराचं वाईट होणार नव्हतं. बापू फक्त 'बरं' म्हणाले. सून बोलली ते चूक नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं.

पण दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात हजर. दसऱ्याला अजून अवकाश होता आणि बापूंच्या डोळ्यांत लिफ्टच्या वेळची ती चमक होती. म्हणाले, "पावणं, जनावर सांगत न्हाय, दावतंय. आपण बगाय पायजे." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. म्हैस विकत घेताना ते विकणाऱ्याच्या गोठ्यात मुक्काम ठोकायचे, सकाळ-संध्याकाळची धार स्वतः काढून बघायचे, मगच सौद्याचं बोलायचे. 'त्यो काय सांगतोय त्ये ऐकायचं न्हाय, ती काय दावती त्ये बगायचं,' असा त्यांचा हिशेब.

मात्र पहिलंच निदान चुकलं, आणि चुकलं ते अगदी म्हशीवाल्याचं चुकावं तसं. म्हैस खांबाला अंग घासते ती खाज सुटते म्हणून. तेव्हा मांजर सोफा ओरबाडतंय म्हणजे त्यालाही खाजच असणार. बापूंनी कडुनिंबाचा पाला उकळला, पाणी कोमट केलं आणि चिंगीला बादलीत बसवलं. त्यानंतर आठवडाभर ते लांब बाह्यांचा सदरा घालून हिंडत होते. कारण मी विचारलं नाही. मग त्यांनी गॅलरीच्या दाराला काथ्याचा ब्रश ठोकला, मांजराच्या पाठीच्या उंचीवर, अंग घासायला. चिंगीनं त्याला एकदा गाल लावला, बापूंकडे बघितलं आणि ती सोफ्याकडे गेली.

मग मी पुढे सरसावलो. ऑनलाइन मांजरांसाठी तयार खांब मिळतात, ते मला माहीत होतं. एक मागवला. गुलाबी मखमली कापड, वर पिसांचा झुपका, खाली पाटासारखी बैठक. दिसायला लग्नातल्या केकसारखा. चिंगीनं त्यावर पुढचे पाय टेकून जोर लावला मात्र, खांब तिच्या अंगावर आडवा झाला. ती जी पळाली ती दिवसभर बापूंच्या कॉटखालून बाहेर आली नाही. बापूंनी खांब उचलून हलवून पाहिला. "खुटा हालला की जनावर इस्वास ठेवत न्हाय, पावणं. एकडाव हालला की गेलं." मी तो खांब परत पाठवला. पिसं तेवढी आमच्या जिन्यात बरेच दिवस सापडत होती.

यानंतर बापूंनी खरंखुरं बघायला सुरुवात केली. सोफ्यासमोर जमिनीवर पाट टाकून ते बसायचे आणि चिंगी आली की श्वास रोखायचे. गिऱ्हाईक बायका सुरुवातीला दचकायच्या, मग त्याही बघायला लागल्या. चिंगी आधी मागच्या पायांवर उभी राहते, अंग पार ताणते, आणि नखं रोवून खाली ओढते. म्हणजे खांब तिच्या ताणलेल्या अंगापेक्षा उंच हवा. बापूंनी सोफ्यावरच्या सगळ्यात वरच्या ओरखड्यापर्यंत वीत टाकून माप घेतलं. एक दिवस त्यांना चटईवर नखाचं टरफल सापडलं, पातळ, वाकडं, नखाच्याच आकाराचं. ते तळहातावर घेऊन धावत माझ्याकडे आले. साप कात टाकतो तसं मांजर नखावरचं साल टाकतंय, हे त्यांना इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. "म्हशीच्या पायातच बगत बसलो जलमभर," असं म्हणून ते स्वतःवरच हसले. खाजेचा विषय त्या दिवशी संपला.

मग गॅलरीच्या ग्रिलला त्यांनी वेगवेगळे नमुने बांधले. गोणपाट, काथ्याची दोरी, जुन्या वाकळेचा तुकडा, बाभळीची साल, टायरची पट्टी, आणि घायपाताचा दोर. वैशाली म्हणाली, आमच्या लग्नात सुद्धा एवढी स्थळं बघितली नव्हती. चिंगीनं गोणपाट फाडून टाकलं, काथ्याला नाक मुरडलं, वाकळेवर झोपली आणि घायपाताच्या दोराशी मात्र रमली. घरात होता तो तुकडा अगदीच तोकडा. म्हणून मी आणि बापू स्कूटरवरून पेठ वडगावच्या बाजारात गेलो. दुकानदारानं म्हैस किती वर्षांची असं विचारलं. बापू म्हणाले, मांजराला पायजे. दुकानदारानं दोराच्या जाडीकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे, आणि पुढे काही विचारण्याचं धाडस केलं नाही. बापूंनी प्रत्येक वेटोळं नाकाशी नेऊन हुंगलं. ज्याला तेलाचा वास होता ते बाजूला ठेवलं. आपल्याला वास येतोय तर तिला किती येत असंल, असा त्यांचा मुद्दा.

बाभळीचा ओंडका गावाकडच्या पुतण्याकडून आला. न हलणाऱ्या बैठकीचा प्रश्न सुभाषनं सोडवला. फौंड्रीत एक ओतीव चकती मापात चुकली म्हणून भंगारात निघाली होती, ती तो रीतसर विकत घेऊन आला. सुभाषनं आणि मी मिळून ती उचलली तेव्हा धाप लागली. ओंडका तिच्यावर बोल्टांनी आवळला, त्यावर बापूंनी दोर गुंडाळला. बैलगाडीच्या साटीला आवळतात तसा, एकेक वेढा पायानं ताणून. खांब देखणा झाला होता, आणि मी सगळा जोर लावूनही तो हलला नाही. तो गॅलरीत उभा केला आणि आम्ही सगळे दाराआड उभे राहिलो.

चिंगी आली, खांबाला वळसा घालून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर तिनं बापूंच्या डोळ्यांदेखत खांबाजवळून उठून, हॉल ओलांडून, सोफ्याला नखं लावली. दसरा तोंडावर आला होता. बापू त्या दिवशी जेवले नाहीत. मी गेलो तेव्हा ते गॅलरीत खांबाला टेकून बसले होते. मला म्हणाले, "सगळं बगितलं की पावणं. काय चुकलं त्येच कळंना." एरवी प्रश्न पडला की ते खुलायचे. त्या दिवशी पहिल्यांदाच प्रश्नानं त्यांना थकवलेलं दिसलं. मला फार वाईट वाटलं.

हॉलमध्ये वैशाली मशीनवर होती. मशीन थांबवून तिनं मान न वळवता सांगितलं, "गॅलरीत कोण बसतंय मामाजी? ती झोपून उठली की सरळ हितं येती. सगळी असत्यात तितंच येऊन नखं काढती. तुमी असलासा की जास्तच." सोफा राखता राखता तिनं चिंगीकडे आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त लक्ष दिलं होतं. आम्ही बघत होतो ते नखांकडे. मांजर येतंय कुठं, हे तिनं बघितलं होतं.

उत्तर तर सापडलं होतं, पण त्याचा अर्थ असा की तो बाभळीचा, दोरानं आवळलेला ओबडधोबड खांब हॉलमध्ये, मोरपंखी सोफ्याला लागून, गिऱ्हाइकांच्या नजरेसमोर उभा राहणार. बापू तसं मागणार नव्हते. सुनेचं दुकान होतं ते. वैशालीनं गिऱ्हाइकांचा उभा आरसा होता त्या जागेकडे पाहिलं, सुभाषला हाक मारली आणि आरसा आत न्यायला सांगितला. दोघांनी खांब सरकवत आणला. संध्याकाळी चिंगी झोपेतून उठली, सोफ्याकडे निघाली, वाटेत थांबली, वास घेतला, आणि खांबाला पुढचे पाय लावून अंग ताणलं. दोराचा कर्रर्र आवाज आला. बापूंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आता दावलं बग," एवढंच म्हणाले, आणि ते चिंगीला म्हणाले की वैशालीला, ते मला कळलं नाही.

दसऱ्याला शालन आली, सोनं देऊन गेली. मांजर राहिलं. वैशालीनं सोफ्याचा कोपरा स्वतःच नव्या कापडानं शिवून घेतला. आरसा आतल्या खोलीत गेला आणि गिऱ्हाईक बायकांना ते जास्त सोयीचं झालं, हा आणखी एक शोध. बापूंचं बघणं चालूच होतं. ओरबाडून झालं की चिंगी वळून माणसांकडे का बघते, हा त्यांचा नवा प्रश्न होता. मी पुस्तकात वाचून सांगितलं की मांजर अशी खूण ठेवतं, ही जागा माझी म्हणून. त्यांनी ते तोंडात घोळवल्यासारखं केलं. "माजी, आसं न्हवं पावणं. आपली, आसं म्हनत आसंल," म्हणाले.

पुढे दोन-अडीच वर्षांत बापू अंथरुणाला खिळले. छातीचं दुखणं. त्यांच्या खोलीत कॉट, खिडकीतून पार्किंग दिसे. चिंगी दिवसातून थोडा वेळ त्यांच्या पायाशी येऊन बसायची, पण उठली की अंग ताणायला हॉलमध्येच जायची. तिची वाट बघत बापू दाराकडे डोळे लावून असत. वैशालीला ते बघवेना. एक दिवस मी भेटायला गेलो असताना तिनं सांगितलं, मामाजी, खांब हिकडं तुमच्या खोलीत आणते, म्हंजे ती हितंच राहील. सुभाष सरकवायला उठलासुद्धा.

बापूंनी हातानं थांबवलं. बोलताना दम लागत होता, म्हणून त्यांनी थांबत थांबत सांगितलं. "नगं. हिकडं आणलासा तर ती माजी हुईल. मग मी गेल्याव तिला कोण ठिवून घील? ऱ्हाऊ दे तितंच. तुमच्यात." मग डोळे मिटून पडून राहिले. चिंगी तेव्हा हॉलमध्येच होती. दोराचा आवाज आत येत होता आणि बापू तो ऐकत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. कार्य आटोपल्यावर आजऱ्याची मंडळी निघाली, तेव्हा शालननं डोळे पुसत चिंगीला उचलून घेतलं. बापाच्या हातचं जनावर आहे, मी घेऊन जाते, म्हणाली. तिचं म्हणणं कुणालाच चुकीचं वाटलं नसतं. वैशाली चहाचे कप गोळा करत होती. तिनं कप खाली ठेवले, पुढे होऊन शालनच्या हातातून मांजर घेतलं आणि म्हणाली, "न्हाय वन्सं. ती आमची हाय."